आयुबचाचा आणि सरकणारी चटई

कारखान्यात रबरी चटई आली त्याच आठवड्यात आयुबचाचांच्या लक्षात आलं, की आपल्याविरुद्ध काहीतरी शिजतंय.

चटईत तसं संशय घेण्यासारखं काही नव्हतं, आणि चाचांच्या मते तीच संशयाची पहिली खूण होती. तेरखेड्याबाहेर माळावर उमाशंकरचा फटाक्यांचा कारखाना. कारखाना म्हणजे एकमेकींपासून लांब लांब उभ्या असलेल्या पत्र्याच्या शेडी. एकीला काही झालं तर दुसरीनं नुसतं बघावं, एवढं अंतर. एका शेडीत बारूद मिसळतात, दुसरीत बायका ती कागदी नळ्यांत भरतात, आणि मधल्या मातीच्या वाटेनं बारुदीची पाटी हातावर घेऊन आयुबचाचा चालतात. तपासणीला आलेल्या साहेबानं भरणीच्या शेडीत दारापासून आतपर्यंत रबराची चटई घालायला सांगितली. घातली. बायकांनी एक-दोन दिवस तिला नावं ठेवली आणि मग चटई होती हेच विसरल्या. चाचांचा पाय मात्र रोज तिच्या कडेला अडत राहिला.

रोज अडतो, याचा अर्थ उघड होता. चटई कुणीतरी रोज सरकवत होतं.

एका संध्याकाळी चाचांनी चटईच्या कडेनं जमिनीवर खडूची रेघ मारून ठेवली. सकाळी रेघ नव्हती. शेड रोज ओल्या फडक्यानं पुसली जाते हे त्यांना माहीत होतं. पुसणाऱ्या बाईला पगार कोण देतं, हेही माहीत होतं.

आता उमाशंकरला चाचा कशाला पाडायचे असतील? याचंही उत्तर तयार होतं. उमाशंकरच्या बायकोचा एक भाऊ अणदूरला होता, सिद्धलिंग नावाचा. तिशीतला, तब्येतीनं बरा, कामाच्या शोधात. मागच्या महिन्यात तो दोनदा कारखान्यावर येऊन चहा पिऊन गेला होता. पाहुणा चहा प्यायला येतो तो घरी; कारखान्यावर येतो तो जागा बघायला. चाचांनी दोन्ही वेळा त्याच्या पायांकडं बघून घेतलं होतं.

चाचा या कामाला लागले ते उमाशंकरचे वडील महालिंगप्पा यांच्या काळात. चाचांचे वडील कल्हईवाले. गावातली भांडी स्टीलची झाली, धंदा बसला, आणि मुलगा बारुदीकडं आला. महालिंगप्पा कडक माणूस. कपाळाला भस्म, अंगात पांढरा सदरा आणि तोंडात एकच नियम: हातात माल असला की तोंड बंद. बोलायचं असेल तर थांबायचं, पाटी खाली ठेवायची, मग बोलायचं. समोर कलेक्टर उभा असला तरी हाच क्रम. "अन् आग लागली तर?" असं एका नव्या गड्यानं विचारलं होतं. महालिंगप्पा म्हणाले, "तवा बोलायचं काम पडत न्हाय."

हा नियम कारखान्यात राहिला नाही; माणसांच्या अंगात गेला. तिथली जुनी माणसं गावातही तशीच वागायची. रस्त्यात हाक मारली की थांबणार, कडेला होणार, पिशवी खाली ठेवणार, मग "बोला". पिशवीत मेथी असली तरी. गावात यावरून टिंगल चालायची. मयतीला खांदा द्यायला महालिंगप्पाची माणसं बोलावू नका, वाटेत कुणी हाक मारली तर खाली ठेवतील, असं लोक म्हणायचे.

चाचांच्या बायको ताहेराबी कळंबच्या. लग्नानंतर पहिल्यांदा दोघं कळंबच्या बाजारातून चालले होते, तेव्हा त्यांनी भीतभीत विचारलं, तुम्हाला वांगं आवडतं का? नवरा थांबला. हातातली पिशवी खाली ठेवली, बायकोच्या तोंडाकडं नीट बघितलं आणि म्हणाला, "हौ." बायकोचं बोलणं ऐकायला भर बाजारात थांबणारा पुरुष ताहेराबींनी तोवर पाहिला नव्हता. माहेरी त्यांनी हे सगळ्यांना सांगितलं. पुढं त्या स्वतः भरणीच्या शेडीत कामाला लागल्या तेव्हा खरं कारण कळलं. पण माहेरी सांगून झालेलं कुणी परत घेतं का?

चाचांच्या चालण्याचा मात्र कारखान्यात खरोखर मान होता. पाटीतल्या बारुदीला झोप लागावी असं ते चालायचे. अनवाणी, पाय न घासता, अंगातली वीज उतरावी, ठिणगी पडू नये म्हणून दारातल्या ओल्या पोत्यावर तळवे टेकून आत. भरणीच्या बायकांना चाचा आल्याचं कळायचं ते दारात सावली पडल्यावर.

मागच्या एक-दोन वर्षांत त्यांचं थांबणं वाढलं होतं. पूर्वी त्यांच्याशी बोललं तर थांबायचे. आता दोन माणसं शेजारी आपापसात बोलत असली तरी थांबायचे. मशिदीतून घरी येताना फोन वाजला आणि चाचा हायवेच्या मधोमध उभे राहिले, तेव्हा एका ट्रकवाल्यानं त्यांच्या सात पिढ्यांची चौकशी केली. मुलगा आरिफ, ज्याचं चौकात मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान होतं, तो हे गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगायचा. "अब्बांची कारखान्याची सवय. मरेपर्यंत जाणार न्हाय." इतकी चांगली सवय घरात असल्यावर कुणी औषध शोधत नाही.

घरातही काही गोष्टी चाचांच्या नजरेत आल्या होत्या. मोरीचा उंबरा वाढला होता. आरिफनं ईदला आणलेल्या चपला पायाच्या मापाच्या होत्या, पण चालताना लांब व्हायच्या. शेजाऱ्यानं दारापुढं पाण्याचा पाइप टाकला होता, तोही चाचांच्या नमाजाच्या वेळा बघून.

"अजी, उंबरा कसा वाढंल?" ताहेराबी म्हणाल्या.

"सिमेंट लावलं कुणीतरी."

"कुणी?"

चाचांनी नाव घेतलं नाही. पुरावा हातात आल्याशिवाय नाव घ्यायचं नाही, एवढं तारतम्य त्यांच्याकडं होतं.

मग एका सकाळी ते भरणीच्या शेडीत पाटी रिकामी करून परत निघाले. कुणीतरी बाई कुणाला तरी काहीतरी म्हणाली. चाचांचा एक पाय चटईवर, एक बाहेर; त्यांनी थांबायचं ठरवलं, पण ते पायाला उशिरा कळलं. चाचा पडले. पाटी दारावर आदळून बाहेरच्या दगडावर गेली आणि तिचा असा आवाज झाला, की माळावरची सगळी माणसं जागच्या जागी गप्प झाली. त्या कारखान्याचा आवाज फक्त गिऱ्हाइकाच्या अंगणात व्हायचा असतो.

उमाशंकर धावत आला. चाचांना उठवलं, गुडघा बघितला, पाणी दिलं.

"चटई सरकवली होती," चाचा म्हणाले.

"चाचा, ती खिळं न मारता, डिंकानं चिकटवलेली हाय. चार माणसं लागतील उचलायला."

"चार माणसं तुमच्याकडं हायेत."

उमाशंकरला हसू आलं नाही. "पाटी रिकामी होती, म्हणून मी तुमच्याशी बोलायलोय," तो म्हणाला. "भरलेली असती तर? आत बायका होत्या. चाची होत्या. दवाखान्यात दाखवून या. डॉक्टर म्हणले चालू द्या, तर तुमचं काम तुमचंच. वडिलांच्या वेळचं माणूस मी का काढीन?"

का काढीन, हे चाचांना माहीत होतं. ते कारण अणदूरला राहत होतं.

दवाखान्याला तिघं निघाले. बसला पाटी धाराशिवची, चाचांनी मागितलं उस्मानाबादचं तिकीट, कंडक्टरनं दिलं; गाव एकच. चाचा-चाची दोघंही अर्ध्या तिकिटाचे. दोघं मिळून एक पूर्ण प्रवासी. आरिफ मागच्या बाकावर बसला होता. तो मागं का बसला, यावर चाचांनी येडशीपर्यंत विचार केला.

मेंदूच्या डॉक्टरांनी विचारलं, "आज वार कोणता?"

चाचांनी त्यांच्या मागच्या कॅलेंडरकडं बोट दाखवलं. "तुमच्याच भिंतीवर लटकलंय की."

डॉक्टरांनी तीन शब्द सांगितले, लक्षात ठेवा म्हणाले, इकडचं तिकडचं बोलले आणि मग ते शब्द परत विचारले. चाचा ताठ बसले. "सांगितले तुमीच. तुमच्याच ध्यानात न्हाईत का?" डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि त्यांना चालणं तपासणाऱ्या महेश्वरी मॅडमकडं पाठवलं. मॅडमचा दवाखाना वरच्या मजल्यावर होता. चालता न येणाऱ्यांचा दवाखाना जिना चढून ठेवलाय, म्हणजे परीक्षा जिन्यातच सुरू झालेली असणार. चाचांनी कठडा न धरता जिना चढून दाखवला. बघायला दवाखान्यातलं कुणी नव्हतं, पण ते तरी कशावरून?

खोलीत लांब पट्टी आखलेली होती. "बाबा, इथून तिथपर्यंत चाला."

चाचा पावलापावलावर लक्ष देऊन चालले. पावलाचा आवाज नाही, खांदा हलत नाही. मॅडम म्हणाल्या, "वा!" चाचांनी आरिफकडं बघितलं. लिहून घे, असं ते बघणं होतं.

मग मॅडमनी वाटेत स्पंजचे ठोकळे मांडले. चाचा एकेक ओलांडून गेले. परतताना ते निम्म्या वाटेवर असताना मॅडमनी वाकून पुढचा ठोकळा जरा अलीकडं ओढला. चाचांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. इतके दिवस ज्याचा पुरावा मिळत नव्हता, ते ही बाई तोंडावर करत होती.

पाय ठोकळ्याला लागला.

"तुमी हलवला," चाचा म्हणाले.

"हो, हलवला. हलवताना दिसला ना तुम्हाला?"

"दिसला."

"तरी लागला."

एवढ्या साध्या वाक्यात कुठं खोट आहे ते चाचांना सापडेना.

"आता चालता चालता भाज्यांची नावं सांगा."

हा मात्र निव्वळ चावटपणा होता. तरी चाचा निघाले. "वांगं," म्हणाले आणि थांबले. दोन पावलं गेले. "मेथी." थांबले. "गवार." थांबले. मॅडम म्हणाल्या, थांबू नका. चाचा परत थांबून त्यांना समजावू लागले, की ही आमच्या कारखान्याची शिस्त आहे. महालिंगप्पांनी घातलेली. हातात माल असला की...

मॅडमची पंचाईत झाली. त्यांच्या पुस्तकात बोलताना थांबणारा म्हातारा माणूस काळजीचा होता. समोरचा म्हातारा तीच गोष्ट शिस्त म्हणून सांगत होता. त्यांनी आरिफला विचारलं.

"खरंय मॅडम. तिथली सगळीच थांबतात. आमच्या गावात कुणालाबी विचारा."

चाचांना बऱ्याच दिवसांनी मुलाबद्दल बरं वाटलं.

तेव्हा ताहेराबी बाकावरून उठल्या. बुरखा जरासा वर धरून त्या पट्टीच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या.

"मॅडम, मी बी त्याच कारखान्यातली. महालिंगप्पांच्याच हाताखालची. मी चालू का?"

कुणी हो म्हणायच्या आत त्या निघाल्या. "वांगं, दोडकं, कारलं, शेपू, चुका, चवळी..." ठोकळे आले, त्या ओलांडून गेल्या. मॅडमनी न सांगता एक ठोकळा हलवला. पाय जरा लांब पडला आणि पुढं गेला. "...आंबाडी, भोपळा, घोसाळं..." टोकाला वळल्या, बोलत बोलतच परत आल्या आणि बाकावर बसल्या. त्यांनी नवऱ्याकडं बघितलं नाही.

चाचांच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की ही त्यांना सामील आहे. तीही. मालक, मेहुणा, मुलगा, शेजारी आणि आता ही. महालिंगप्पांचा नियम परक्या बाईपुढं मोडून दाखवला हिनं.

मग दुसरी गोष्ट आली. ती सावकाश आली. नियम मोडता येतो. ही इतकी वर्षं थांबत होती, कारण तिला थांबायचं असायचं. आज नको होतं, तर नाही थांबली.

"परत चालू द्या मला," चाचा म्हणाले.

ते निघाले. आता नियम मोडायचाच, असं ठरवून निघाले. "वांगं." पाय थांबला. त्यांनी तो रेटला. पाय गेला, पण पुढची भाजी येईना. आयुष्यभर खाल्लेल्या भाज्यांतली एकही. चाचा आणखी दोन पावलं चालले, तोंड उघडं ठेवून. मग "मेथी" आठवली, आणि पाय थांबला.

मॅडमनी त्यांना खुर्ची दिली आणि समोर बसून साध्या शब्दांत सांगितलं. चालणं हे पाय परस्पर करतात, डोक्याला विचारत नाहीत. तुमचे पाय आता पावलापावलाला डोक्याला विचारायला लागलेत. डोकं बोलण्यात गुंतलं की पाय उत्तराची वाट बघत थांबतात. आणि वाटेत काही बदललं, तर पूर्वी पाय दोन दिवसांत शिकायचा, आता त्याला फार दिवस लागतात, कधी शिकतच नाही. डोक्याचा हा आजार हळूहळू वाढतो. सराव केला तर चालणं पुष्कळ दिवस टिकेल. रोज चाला, वाट बदलत चाला.

"आणि पाटी?" चाचांनी विचारलं.

"कसली पाटी?"

आरिफनं सांगितलं. मॅडमच्या हातातलं पेन थांबलं. "जिथं नेता, तिथं आत कोण असतं?"

चाचांनी हनुवटीनं ताहेराबींकडं दाखवलं. "ही."

मॅडम काही म्हणणार होत्या. चाचांनी हात वर केला.

"मग न्हाय," ते म्हणाले.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले. येडशी गेली, येरमाळा आला. मग म्हणाले, "कधीपास्नं?"

ताहेराबींनी कशाबद्दल असं विचारलं नाही. "पूर्वी तुमी कधी आलात ते कळायचं न्हाय. दारात सावली पडली की कळायचं. आता लांबूनच ऐकू येतं. पाय घासत येतो. तो आवाज आला की मी कलमा म्हणते."

"मला सांगितलं कामून न्हाय?"

"सांगितलं असतं तर म्हणला असता, हिला मालकानं शिकवून पाठवलंय."

चाचांनी विचार केला. असंच म्हणाले असते.

"मालकाला तरी सांगायचं."

"अन् तुमचं काम? घरात बसून कुणाकुणावर संशय घेतला असता? मला आन् आरिफलाच पुरून उरला असता."

"अन् तरी तिथंच बसत होतीस?"

"कुठं जाऊ मग उठून? इतर बायका बसल्या होत्या, मी एकटी बाहेर जाऊ? माझाच नवरा आणतोय अन् मीच पळते, असं दिसलं असतं."

चाचा पुन्हा खिडकीबाहेर बघू लागले. बाहेरच बघत ते म्हणाले, "भाज्या लई म्हणलीस."

"आठवल्या म्हणून म्हणले."

दुसऱ्या दिवशी चाचा स्वतः उमाशंकरकडं गेले आणि भरणीच्या शेडीकडं आपण येणार नाही, एवढं सांगितलं. उमाशंकरनं त्यांना बाहेरच्या पडवीत बसून कागदाच्या नळ्या वळायचं काम दिलं. पाटी सिद्धलिंगकडं गेली. चाचांनी आठवडाभर पडवीतून त्याच्या पायांवर नजर ठेवली. काही चुकत नव्हतं. ही गोष्ट त्यांना चमत्कारिक वाटली, पण त्यांनी ती मनात ठेवली, आणि ताहेराबी आत असताना तर त्याच्या चालण्यावर एक शब्दही काढला नाही. चटईबद्दलचं मत मात्र त्यांनी अजून मागं घेतलेलं नाही.

संध्याकाळी काम सुटलं की ते मॅडमनी सांगितल्याप्रमाणं फिरायला निघू लागले. एक दिवस ओढ्याकडून, एक दिवस माळावरून. आणि थोड्याच दिवसांत त्यांना जाणवलं, की आपला पाठलाग होतोय.

मागं मोटारसायकल असायची. पहिल्या गिअरमध्ये, गुरगुरत. चाचा थांबले की ती थांबायची. चाचा बाभळीआड जाऊन उभे राहिले तर तिचं इंजिन बंद व्हायचं. त्यांनी दोन-तीन दिवस नीट खात्री करून घेतली. या एका बाबतीत त्यांचा संशय पूर्णपणे खरा होता.

चौथ्या दिवशी ते उतारावरच्या पुलाच्या कठड्यावर जाऊन बसले आणि वाट बघू लागले. वळणावरून आरिफ आला. बापाला समोर बसलेलं बघून त्यानं घाईनं खाली वाकून प्लगशी काहीतरी केलं.

"कुणाची गाडी?"

"गिऱ्हाइकाची, अब्बा. ट्रायल घ्यायलोय."

"रोज हीच गाडी बिघडती?"

"व्हय."

"मग दुकान बंद कर. तुला काम येत न्हाय."

आरिफनं प्लगवरचा हात काढला.

"अम्मीनं सांगितलं?"

"मला बी वाटलं."

चाचांनी त्याच्याकडं बराच वेळ बघितलं. ज्या नजरेनं ते चटईकडं बघायचे, त्याच. मग कठड्याला हात टेकून उठले.

"मागून येऊ नको. मागं गाडी वाजली की डोकं तिकडं जातं, अन् पाय हितंच राहत्यात. यायचं असंल तर पुढं हो. बंद करून."

आरिफनं चावी काढली, उतरला आणि गाडी ढकलत पुढं निघाला. चाचांनी डोळे मागच्या चाकावर ठेवले आणि निघाले. चाक खड्ड्याच्या डावीकडून गेलं, चाचा डावीकडून गेले. पुढं वाटेवर पावसानं उघडी पडलेली खडी होती. चाक कडेच्या मातीवर चढलं, चाचाही चढले. उतार लागला. गाडी आता आपोआप पुढं धावायला बघत होती, पण आरिफनं ब्रेक दाबून धरला होता.